पसरट पाठ

सोलापूर जेल,
३ फेब्रुवारी २०२५

पूनम,

सुखी राहा. इथली पत्रं आधी साहेब वाचतात आणि मग टपालात पडतात, म्हणून शिव्या गाळून लिहितोय. तुझ्या भावाच्या बोलण्यातून शिव्या गाळल्या तर काय उरतं हे तुला माहीत आहे, तरी बघू.

तुझे यजमान काल भेटून गेले. जाळीपलीकडून कोण काय बोलतं ते निम्मं कळत नाही, पण मायाप्पा दाजी रडत होते तेवढं दिसलं. म्हणाले, "दादा, तुमी घोर लावून घेऊ नगा. पूनमला मी हाय की." टेम्पोचं भाडं सोडून कुंभारीहून दर आठवड्याला येतात. माणूस असा पाहिजे. तू मात्र येऊ नकोस, या जाळीतून मला तुझं तोंड बघायचं नाही.

आता कामाचं. लोक हाफ मर्डर म्हणतात ती केस माझ्यावर आहे, आणि ते मी केलेलं नाही. आपल्या आईच्या गळ्याची शपथ. आपली मेंढरं आबासाहेबाच्या डाळिंबाच्या बागेत शिरली हे खरं. त्यानं स्वतः लोखंडी पाइप घेऊन ती मारली, गाभण होती तीसुद्धा. दाजींना अर्धेलीनं, निम्म्या वाट्यावर, दिलेली मेंढरंही त्यातच गेली. एक मेंढी मी उचलली तेव्हा तिचं डोकं रिकाम्या पिशवीसारखं हललं. मग सांगोल्याच्या बाजारात भर लोकांत मी त्याला म्हणालो, "ज्या हातानं मारलीस त्यो हात ठेवनार न्हाय." म्हणालोच. आणि तो हात जायलाच पाहिजे होता, हेही साहेबांना वाचू दे. पण पुढच्या आठवड्यात त्याच्या पॅकिंग शेडमध्ये भर दुपारी कुणी मागून येऊन त्याच्या खांद्यात कुऱ्हाड घातली आणि पडल्यावर मनगट तोडलं, तेव्हा मी माळावर होतो. माझे साक्षीदार चार पायांचे, त्यांना कोर्टात कोण उभं करणार?

मला अडकवलं शिवयोगीनं. शेडचा मुकादम, आपल्या बापाबरोबर मेंढरं वळलेला म्हातारा. कॅमेऱ्यात त्या माणसाच्या तोंडाला टॉवेल आहे, पाठ तेवढी दिसते. शेडच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर ते बघून हा म्हणाला, "मेंढरू पाठीवरनं वळखतोय मी, मानूस न्हाय वळखनार व्हय? ही जोतीचीच पाठ हाय. एवढी रुंद पाठ दुसऱ्या कुनाची हाय हितं?" त्याच वेळी कुणीतरी स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग केलं आणि ती क्लिप सगळ्या तालुक्यात फिरली. आता गावातलं शेंबडं पोरही सांगतं, तो जोतिरामच.

तू दिवसभर दोन स्क्रीनपुढं बसून लोकांच्या लग्नाचे अल्बम करतेस, काळ्या नवऱ्या गोऱ्या करतेस. कॅमेऱ्याची मूळ फाईल वकील वैजयंतीबाईंकडे आली आहे. ती बघ आणि तो कोण ते मला सांग. नाव कळलं की बाहेर येऊन त्याच्या पायाच्या नळ्या दगडावर ठेवून फोडतो. त्याच्यापायी मी इथं दुसऱ्याच्या घामात झोपतोय. परवा एकानं मला हातकापू म्हटलं, त्याचा दात अजून सापडलेला नाही.

जोतिराम


कुंभारी,
१२ फेब्रुवारी २०२५

दादा,

पाया पडते. लोकांचे दात पाडायचं बंद कर, जामिनाच्या वेळी सरकारी वकील ते सगळे एकेक करून काढतील.

वैजयंतीबाईंनी पेनड्राइव्ह दिला. खरं सांगू? पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला तूच दिसलास.

माझ्या टेबलावर डावीकडं जुनी लहान स्क्रीन आहे आणि उजवीकडं मोठी, एका स्टुडिओवाल्यानं विकायला काढलेली. अल्बमाचं पान मोठ्या स्क्रीनवर ठेवायचं आणि फोटो लहानीवर, असा माझा बेत होता. पण ही मोठी जोडल्या दिवसापासून आडमुठी आहे. तिची खरी ताकद १९२० बाय १०८०, आणि चालते फक्त १०२४ बाय ७६८ वर. सेटिंगमध्ये बघावं तर यादी तिथंच संपते. त्यामुळं सगळं चित्र आडवं ताणलं जातं आणि नवऱ्या जाड दिसतात. सिद्धेश्वरी म्हणून एक मुलगी तिचा अल्बम बघायला आली होती, ती माझ्याशीच भांडली. "मी एवढी हाय व्हय?" मी म्हटलं, बाई, स्क्रीन तशी आहे, कागदावर बारीक याल.

तर त्या मोठ्या स्क्रीनवर मी ते बघितलं. आवाज नाही. कुऱ्हाड खांद्यात बसते आणि आबासाहेब डाळिंबाच्या क्रेटवर तोंडावर पडतात. तो माणूस त्यांच्या कोपरावर पाय देतो, नीट जागा बघतो, आणि घाव घालतो. एका घावात होत नाही. मी व्हिडिओ थांबवला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. परत येऊन बसले आणि मनातल्या मनात तुला नाही नाही ते बोलले. आईची शपथ घेतोस आणि असं करतोस, असं म्हणाले. ते तुला कळायला पाहिजे म्हणून लिहिते.

मग माझं लक्ष मागच्या ट्रॅक्टरकडं गेलं. त्याचं टायर अंड्यासारखं दिसत होतं. व्हिडिओ तसाच ओढून डावीकडच्या लहान स्क्रीनवर नेला, तर टायर गोल झालं आणि पाठ आवळली. परत उजवीकडं नेला, टायर पुन्हा अंडं आणि पाठ पुन्हा तुझी. मी वेड्यासारखी इकडून तिकडं ओढत बसले. लोकांच्या मोबाईलमधल्या क्लिपमध्येही टायर अंडंच आहे, दादा. शेडच्या ऑफिसातल्या स्क्रीनलाही माझ्या स्क्रीनचाच रोग आहे. शिवयोगीमामांनी ओळखली ती तुझी पाठ नाही, एका बारीक माणसाची ताणलेली पाठ आहे.

लहान स्क्रीनवर अंगाचं माप बरोबर दिसतं, पण सगळं मुंगीएवढं आणि धुरकट. मोठी पूर्ण ताकदीनं चालली तरच माणूस दिसेल. ती कशीही करून चालवते. घरात मी अजून काही बोलले नाही. ह्यांना रक्त बघवत नाही, उगाच कशाला.

तुझी पूनम


सोलापूर जेल,
१९ फेब्रुवारी २०२५

पूनम,

तुझं पत्र मी बरॅकीत मोठ्यानं वाचून दाखवलं. टायर गोल झालं तिथं लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्याचा दात गेला त्यानंही वाजवल्या.

तू माझ्यावर संशय घेतलास याचा राग आला नाही. मीच बाजारात बोललो होतो, तेव्हा लोकांनी माझंच नाव घ्यावं हे ओघानं आलं. पण त्या बारीक माणसाचा राग आता माझ्या डोक्यात मावत नाही. मी त्याला रोज मारतो. सकाळी त्याच्या हाताची बोटं मोडतो, संध्याकाळी गुडघे. हातही स्वतःच्या हिमतीवर उचलता येत नाही त्याला, दुसऱ्याच्या शब्दाआड लपून घाव घालतो. माझी मेंढरं मेली, बोल माझा, आणि घाव त्याचा. असल्या माणसाला जिवंत सोडायचं नसतं.

आईला एवढंच कळव की पोरगा खोटं बोलला नाही.

दाजींना दाखव की ते. टेम्पो घेऊन सगळा तालुका पालथा घालतात, माणसं त्यांना चालीवरून माहीत असतात. या आठवड्यात भेटीला आले नाहीत, टेम्पोचं काहीतरी निघालं असेल. आले की मीच सांगतो त्यांना, खूश होतील.

जोतिराम


कुंभारी,
८ मार्च २०२५

दादा,

उशीर झाला. काम होतं.

मोठी स्क्रीन चालू झाली. आधी सेटिंग, मग ड्रायव्हर नवा घातला, मग कॉम्प्युटरमागची जागा बदलून दुसऱ्या तोंडात जोडून बघितली. कशानंही १०२४ च्या पुढं सरकेना. शेवटी तारेचं तोंड उजेडात धरलं तर आतली एक पिन मुळातून मोडलेली. त्या पिनेवाटं स्क्रीन आपलं माप कॉम्प्युटरला सांगते. पिनच नाही तर सांगणार कशी? मग कॉम्प्युटर आपल्या अंदाजानं तिचं एक माप ठरवून टाकतो आणि तेवढ्यावर तिला ताणतो. नवी पेठेतून नवी तार आणली, लावली, आणि यादीत १९२० बाय १०८० आलं. एवढंच होतं.

सगळं स्वच्छ दिसलं. माणूस बारीक आहे. शर्टाच्या चौकटी चौकोनी आहेत. दुसरा घाव घालून झाल्यावर तो कुऱ्हाडीचं पातं स्वतःच्या पोटरीला पुसतो, पुढून एकदा, मागून एकदा, आणि निघून जातो. मी ते एकदाच बघितलं. कोण आहे ते सांगता येत नाही.

जुनी तार परत लावून ठेवली आहे.

मायाप्पा भेटीला आला तर त्याच्याजवळ या स्क्रीनबद्दल एक शब्द बोलू नकोस. आणि यापुढं पत्र घरी पाठवू नकोस, वैजयंतीबाईंच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठव. का ते विचारू नकोस. एवढं ऐक माझं.

पूनम


सोलापूर जेल,
१५ मार्च २०२५

पूनम,

हे पत्र वैजयंतीबाईंच्या हाती देतोय, चिकटवून. साहेब वाचणार नाहीत, त्याही वाचणार नाहीत.

तुझ्या पत्रातल्या एका शब्दावर मी अडकलो. लग्नात उखाण्याला तुला पाठीत ढोसावं लागलं होतं, तेव्हा कुठं नाव पुटपुटलीस. त्यानंतर आजवर तू 'हे' म्हणालीस, 'ते' म्हणालीस, टेम्पोवाले म्हणालीस, पण नवऱ्याचं नाव तुझ्या तोंडून मी ऐकलं नाही. आणि या पत्रात सरळ लिहिलंस, मायाप्पा आला तर. त्याच्याजवळ. परक्या माणसाबद्दल लिहावं तसं. मग पोटरीचं वाक्य मी परत वाचलं. चारा तोडून झाला की कोयता पोटरीला पुसायची सवय त्याला पहिल्यापासून आहे. मीच किती वेळा म्हटलंय, "दाजी, पाय कापून घ्याल की."

भिंतीवर दोन बुक्क्या घातल्या, बोटांची कातडी गेली. मी रोज ज्याचे गुडघे मोडत होतो तो दर आठवड्याला येऊन माझ्यापुढं रडत होता.

तीन-चार आठवडे फिरकला नव्हता, गुरुवारी तो आला. तू बोलू नको म्हणालीस आणि मी स्क्रीनबद्दल बोललो नाही. फक्त म्हणालो, "दाजी, पोटरी बरी हाय न्हवं? पातं लई जपून पुसत जावा." त्याचा चेहरा राखेसारखा झाला. जाळी नसती तर तिथंच संपवला असता. पण त्याच्या गळ्यात तुझ्या हातचा गंडा होता. मला तुझा संसार आठवला. मग म्हणालो, "जावा घरला. माझ्या भनीला नीट बगा. मी बसतो हितं." तो जाळीला डोकं टेकवून गेला.

तेव्हा माझं ठरलं आहे. मी गुन्हा कबूल करतो. बोल माझाच होता, हात त्याचा लागला एवढाच फरक. मला ना बायको ना पोर. तुला घर आहे. ती नवी तार फेकून दे आणि फाईल पुसून टाक. मी पसरटच बरा आहे. तुझं कुंकू मी राखलं असं समज आणि सुखानं राहा.

दादा


वैजयंतीबाईंचं घर, सोलापूर,
२४ मार्च २०२५

दादा,

अक्षर वाचायला त्रास होईल, डाव्या हातानं लिहिते आहे.

तू गुरुवारी त्याला माझ्याकडं नीट बघायला सांगितलंस. तो जेलमधून सरळ घरी आला आणि त्यानं बघितलं. मी कामाला बसले होते. टेबलावरची नवी तार आणि वैजयंतीबाईंचा पेनड्राइव्ह त्याला दिसला. टेम्पोचं चाक काढायची लोखंडी टॉमी हातात होती. आधी लहान स्क्रीन फोडली, मग मोठी. काचा माझ्या मांडीवर पडल्या तरी मला वाटत होतं, आता थांबेल. मग त्यानं माझा उजवा हात टेबलावर दाबून धरला. काय म्हणाला सांगू? "ज्या हातानं जोडलीस त्यो हात ठेवनार न्हाय."

हे वाक्य तुझं आहे, दादा.

टॉमी मनगटावर बसली, मग बोटांवर. आवाज वाळकी काटकी मोडावी तसा आला आणि तो माझ्यातून आला हे मला मागाहून कळलं. शेजारच्या भुवनेश्वरीताईंनी दार ढकललं म्हणून दुसरा हात राहिला. डॉक्टरांनी मनगटात सळई घातली आहे. दोन बोटं वळतील की नाही ते सांगत नाहीत.

तुझं पत्र मला दवाखान्यात मिळालं. माझं कुंकू तू राखलंस असं त्यात लिहिलं होतंस. तुम्ही दोघांनी जाळीच्या अलीकडून पलीकडून माझा संसार ठरवून टाकला. मला किती सोसतं, किती नको, हे माझं मला सांगायचं होतं, आणि तुमच्यातल्या एकानंही विचारलं नाही. स्वतःच्या अंदाजानं माप ठरवलंत आणि ताणलंत. मला तुझा राग आला आहे, त्याच्याइतकाच. तू मला वाचवायला निघाला होतास हे कळूनही आला आहे.

फाईल मी पुसली नव्हती, ती वैजयंतीबाईंकडं होतीच. पोलिसांना आणि मला घेऊन त्या शेडवर गेल्या. ऑफिसातल्या स्क्रीनच्या तारेचीही पिन तुटलेली निघाली. मी नवी आणलेली तार लावली. आधी सगळ्यांना टायर दाखवलं, मग माणूस. शिवयोगीमामा खुर्चीतून उठून स्क्रीनच्या अगदी जवळ गेले. म्हणाले, "ही जोतीची पाठ न्हाय. ही मायाप्पाची हाय. म्या कुनाचं मेंढरू कुनाच्या दावणीला बांदलं." म्हाताऱ्यानं सगळ्यांसमोर स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली.

मायाप्पाला अक्कलकोट रस्त्यावर धरलं. त्यानं कुऱ्हाड काढून दिली, अर्धेलीची मेंढरं मारली म्हणून केलं म्हणाला.

आता हे पत्र लिहायचं खरं कारण. त्याला तिथंच ठेवणार आहेत, तुझ्याच जेलात. हे पत्र साहेब वाचून तुझ्या हाती पडेल त्याच्या आधी तो तुझ्यापुढं येईल. तुझा जामिनाचा अर्ज पुढच्या आठवड्यात आहे. तू त्याला हात लावलास तर तुझा जामीन जाईल, आणि माझा हात गेला तो फुकट जाईल. आणि नीट ऐक, त्याला हात लावलास तर तुझ्याविरुद्ध साक्ष द्यायला मीच उभी राहीन. तिथं पाठीवरून ओळखायची गरज पडणार नाही.

माझ्यासाठी कुणाचं काही तोडू नकोस. मला तोडलेलं पुरे झालं.

पूनम


सोलापूर जेल,
२ एप्रिल २०२५

पूनम,

तुझं पत्र पोचलं तेव्हा तो येऊन तीन दिवस झाले होते. मी त्याला माफ करून बसलो होतो. पहिल्या रात्री त्याला घास उतरेना म्हणून माझ्या ताटातली भाकरी मोडून दिली. माझंच कांबळं त्याला अंथरायला दिलं. तो म्हणाला, "पूनम बरी हाय." मी विश्वास ठेवला. तू त्याला पकडून दिलंस म्हणून उलटी तुझीच समजूत घालायची असं ठरवत होतो.

पत्र दुपारी मिळालं. डाव्या हातानं लिहितेस हे वाचूनही वाटलं, उजव्याला कुठं काही कापलं असेल. टॉमीपर्यंत वाचत गेलो. तो माझ्या शेजारी माझ्याच कांबळ्यावर झोपला होता, पालथा. पोटरी उघडी. मी उठून उभा राहिलो होतो, पाय उचललेला होता, आणि हे मी केव्हा केलं ते मला आठवत नाही. नळी कशी मोडायची हे मी दोन महिने रोज मनात घोकलं होतं, पायाला सगळं पाठ होतं.

मग त्यानं जे तुझ्या हातावर म्हटलं ते वाक्य मला ऐकू आलं. माझ्याच आवाजात. बाजारात मी ते बोललो तेव्हा किती बरं वाटलं होतं, लोक बाजूला सरकले होते. ते वाक्य आबासाहेबाच्या मनगटावरून फिरून तुझ्या मनगटावर आलं. आणखी एकदा फिरायला ते माझ्या पायात येऊन थांबलं होतं.

मी पाय खाली ठेवला आणि बरॅकीचं दार बडवलं. शिपाई आला. म्हटलं, मला दुसरीकडं हलवा, आत्ताच्या आत्ता, नाहीतर इथं एक मुडदा पडेल. त्यानं विचारलं, "कुनाचा?" मी सांगितलं, त्याचा. तो जागा झाला होता. माझ्याकडं बघत होता. मी त्याच्याकडं पाठ करून दाराकडं तोंड केलं. बोलायला लागलो असतो तर थांबलो नसतो.

मी त्याला माफ केलेलं नाही, हे खोटं लिहिणार नाही. आता भिंतीपलीकडं आहे, खोकतो तो ऐकू येतो. रोज नव्यानं हात आवरावा लागतो. तू माझ्यावर रागावलीस ते बरोबर आहे, तो राग राहू दे. मी बाहेर येईन तेव्हा सरळ आईकडं जाईन, आणि तू बोलावशील तेव्हाच तुझ्याकडं येईन.

एवढंच मागतो. हात बरा झाला की त्याच हातानं मला दोन ओळी लिही. हे डावं अक्षर माझ्यानं वाचवत नाही.

दादा